ओल्या चादरीची बातमी

१९ मे

वन्सं,

फोन लागत नाही म्हणून लिहितेय. हे म्हणाले, ताईने तुझा नंबर बंद करून टाकलाय, आता लिहूनच बघ. मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर मी लिहिलं ते फक्त किराणाच्या यादीत. चुकलं तर समजून घ्या.

चिमी बरी आहे. खालचे दोन दात आलेत. घामोळं अजून आहे. आईंची खाट आम्ही भिंतीला उभी करून ठेवलीय, तेवढीच चिमीला रांगायला जागा झाली. हे लिहिलं आणि वाटलं, लिहायला नको होतं. पण खोडलं तर तुम्हाला वाटेल काहीतरी लपवतेय.

टीव्हीवरचं तुम्ही बघितलंत ते ह्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माझी आई मागे मरतेय आणि ही पुढे दात काढून हसतेय. मला तिचं तोंड बघायचं नाही." बरोबर आहे. मी पण आता ते बघत नाही.

पण वन्सं, तेव्हा आई मरत नव्हत्या. शूटिंग अकराला झालं. आई साडेबाराला पडल्या. तुम्ही इथे आलात तेव्हा मला एकच विचारलंत, आई शेवटी काय बोलली. मी म्हटलं, काही नाही बोलल्या, एकदम पडल्या. तेच आहे. डॉक्टरांनी कागदावर हार्ट लिहिलंय.

चादरींचं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी टीव्हीवर यायला केलं. आमची लाँड्री तुम्ही बाहेरूनच बघितलीय. आत एक लांब खोली आहे. दाराशी धुवायची मशीनं आणि घड्या घालायचं टेबल, पार टोकाला रोलर. रोलर म्हणजे तापलेलं मोठं लोखंडी लाटणंच समजा. हॉस्पिटलच्या ओल्या चादरी एका बाजूने आत घालायच्या, दुसऱ्या बाजूने इस्त्री होऊन निघतात. आई घालायच्या बाजूला असायच्या. मी घड्यांच्या टेबलाला, कारण तिथे चिमीला टॉवेलांच्या क्रेटमध्ये ठेवता येतं. रस्त्याच्या बाजूला पाच खिडक्या. वाफ बाहेर फेकणारा पंखा थंडीपासून बंद पडलेला.

त्या आठवड्यात असं तापलं की चिमीने रडायचंच सोडलं. रडणारं मूल परवडलं, वन्सं. ती नुसती बघत पडायची. मी दर थोड्या वेळाने तिच्या छातीवर हात ठेवायचे. माझ्या माहेरी उन्हाळ्यात दाराला ओली चादर लावायचे, आत गार वाटायचं. म्हणून मी माझ्या बाजूच्या दोन खिडक्यांना लावल्या. चिमी झोपली. बायका येऊन तिथे उभ्या राहायला लागल्या. आई म्हणाल्या, "बघा, सून सातवी पास आणि मालकापेक्षा डोकं जास्त." मुकादम म्हणाला, "मावशी, त्या चादरी परत धुवाव्या लागतील." आई म्हणाल्या, "मग आपण इथे धुवायलाच आलोय ना, का लग्नाला आलोय?"

दोन दिवसांनी मालकाने टीव्हीवाल्यांना बोलावलं. एवढंच. बाकी काही नाही.

चिमीची आई


२ जून

वन्सं,

पत्र पोचलं असेल. उत्तराची घाई नाही.

मागच्या वेळी लिहिलं की मी ते बघत नाही. खोटं लिहिलं. रोज बघते. मागे आईंची पाठ दिसते, हिरवा ब्लाउज, एकदा हात वर करून चादर सारखी करतात. चार सेकंद असेल. तेवढ्यासाठी बघते. माझा भाग आला की फोनवर अंगठा ठेवते.

पहिल्यांदा बघितलं ते हॉस्पिटलात. आईंना खाली नेलं होतं आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितलं होतं. समोर भिंतीवर टीव्ही. उन्हाची बातमी लागली. आधी कारंज्यात उड्या मारणारी पोरं, मग आइस्क्रीम खाणारी एक जोडी, मग मी. खाली मोठ्या अक्षरात, ओली चादर, उन्हाला टक्कर. बाकावरच्या एका बाईने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत टीव्हीकडे. म्हणाली, "अगं, तूच की." मी हो म्हटलं.

आता सगळे मला चादरवाली म्हणतात. भाजीवाला पण. मालकाने माझा हसतानाचा फोटो मोठा करून लाँड्रीच्या दारावर लावलाय.

काल शेजारची शिवणवाली हाक मारायला आली, "चल, तुझ्यावर चर्चा चाललीय." मी चिमीला घेऊन तिच्याकडे टीव्ही बघायला गेले. खाली विषय लिहिला होता, तापमानवाढ, संकट की बागुलबुवा? एका बाजूला पांढऱ्या केसांचे एक सर. दुसऱ्या बाजूला टायवाला. मधे ते विचारणारे. आधी मला दाखवलं.

टायवाला म्हणाला, "ही ताई बघा. शिकलेली नाही, पण रडत बसली नाही. आपली माणसं मार्ग काढतात. ह्या सरांना फक्त लोकांना घाबरवायचंय."

सर म्हणाले, "मार्ग काढणं चांगलंच आहे, पण त्या खोलीत..."

विचारणारे म्हणाले, "सर, तुम्हाला ह्या ताईचं कौतुक नाही का?"

"कौतुक आहे, पण..."

"आहे म्हणाले. प्रेक्षकहो, सरांनाही कौतुक आहे."

सर त्या खोलीचं काय सांगणार होते ते कळलंच नाही. मी वाट बघत होते. मग लोकांचा कौल दाखवला. बागुलबुवावाले जास्त निघाले. शिवणवालीने माझ्या पाठीवर थाप मारली, "जिंकलीस की गं." मला कळलं नाही मी कुठल्या बाजूने होते. मला कोणी विचारलं नव्हतं.

घरी आले तर हे खाटेकडे तोंड करून बसलेले. टेंपो घेऊन जातात, येतात, जेवतात. माझ्याशी बोलतात ते मीठ दे, चिमीला घे, एवढंच.

चिमीची आई


११ जून

वन्सं,

एक झालंय आणि मी ते ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही तशाही माझ्याशी बोलत नाही.

शिवणवालीचं बाळ चिमीहून दोन महिन्यांनी लहान. परवा दुपारी ती बाळाला खांद्यावर टाकून धावत आली. बाळ तापलेलं, मान टाकलेली. आम्ही रिक्षाने नेलं. डॉक्टर आत घेऊन गेले. नर्सने बाहेर येऊन विचारलं, घरात काय केलं होतं. शिवणवाली म्हणाली, गार रहावं म्हणून ओल्या चादरी लावल्या. खिडकीला, दाराला, पाळण्याला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. आत तिची इस्त्री चालू होती.

नर्स म्हणाली, "हे कुठलं खूळ निघालंय? या आठवड्यातलं हे तिसरं."

मी विचारलं, खूळ कसं, आमच्या माहेरी करायचे. तिने मला सांगितलं, चिडून नाही, दमलेल्या माणसासारखं सांगितलं. माहेरची हवा कोरडी असेल. एका दाराला चादर आणि दुसरं दार उघडं असेल. वारा यायचा. घाम सुकतो म्हणून अंग निवतं. बंद खोलीत आधीच वाफ, त्यात ओली चादर, मग घाम सुकणार कुठे? तो अंगावरच राहतो आणि माणूस आतून शिजतं. ती शिजतं असंच म्हणाली.

शिवणवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझंच बघून केलं गं मी." भांडली नाही. नुसतं सांगितलं.

बाळ वाचलं. काल घरी आलं. मी तिच्या चादरी काढायला लागले, तर म्हणाली, राहू दे, मी काढते.

वन्सं, मी दोन खिडक्यांना लावल्या होत्या. ते खरं आहे. पण टीव्हीवर पाचही खिडक्या झाकलेल्या दिसतात, आणि दार पण. तुम्ही ते बघितलं असणार. माइकवाली पोरगी म्हणाली, "दोनच? ताई, सगळ्यांना लावा ना, छान दिसेल." मी लावल्या. मग म्हणाली, "परत एकदा लावा, हसून." चार वेळा लावल्या. दर वेळी नवीन ओली चादर, कारण पाणी ठिबकताना दिसायला हवं होतं. ती चांगली होती बोलायला. चिमीला खेळवत होती. कॅमेरावाल्याला मागे वाफ हवी होती म्हणून मुकादमाने रोलर चालू ठेवला. आई तिथेच होत्या. ते लोक गेले तरी चादरी तशाच राहिल्या. संध्याकाळी मालक पाहुणे घेऊन येणार होते बघायला.

नर्स सांगत होती तेव्हा मी खोलीत आई कुठे उभ्या होत्या आणि दार कुठे, हे मनात मोजत होते. चिमी दाराजवळ होती. दार उघडझाप व्हायचं. चिमीला हवा मिळाली.

चिमीची आई


२० जून

वन्सं,

तुम्हाला कोणी सांगायच्या आधी मीच सांगते. मी स्टुडिओत गेले होते.

आधी मी माइकवालीला फोन केला. तिचा नंबर होता माझ्याकडे. सगळं सांगितलं, आईंचं, शिवणवालीच्या बाळाचं, नर्सचं. म्हटलं, आता टीव्हीवर सांगा की बंद खोलीत लावू नका. ती म्हणाली, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. सॉरी. पण ही बातमी वेगळी झाली ना. आपली पॉझिटिव्ह होती." मग म्हणाली, "बघते." दोन दिवसांनी तिचाच फोन आला, परत चर्चा आहे, चादरवाली ताई म्हणून तुम्हाला बसवतात, तिथेच बोला. मी काय बोलणार ते तिने वर सांगितलं नव्हतं असं मला वाटतं. तिने ते माझ्यासाठी केलं का चुकून राहिलं, माहीत नाही.

मालक म्हणाला, जा जा, लाँड्रीचं नाव घे.

वन्सं, ती खोली एवढी गार की चिमीला शिंका यायला लागल्या. एकाने त्याचं जॅकेट काढून तिला गुंडाळलं. माझ्या तोंडाला पावडर लावली. लावणारी म्हणाली, "घाम येत नाही तुम्हाला, बरंय." तेच सर होते आणि तोच टायवाला. सरांनी मला नमस्कार केला, टायवाल्याने चिमीचा गाल ओढला. दोघं आपसात हसून बोलत होते, मुलीच्या ॲडमिशनचं काहीतरी. मला वाटलं होतं ते भांडलेले असतील.

सुरू झालं. विचारणारे म्हणाले, "ताई, सांगा, कशी सुचली ही शक्कल?"

मी म्हटलं, "माझ्या सासूबाई त्या चादरींच्या आत वारल्या. त्याच दिवशी. मागे हिरव्या ब्लाउजात दिसतात त्या. कोणी बंद खोलीत चादरी लावू नका. खिडकी उघडी ठेवा."

एवढंच मी पाठ करून गेले होते. विचारणाऱ्यांनी कानातलं दाबलं आणि म्हणाले, छोटासा ब्रेक घेऊ. एक मुलगी आली, ताई, जरा बाहेर या, चिमीला दूध देऊ. बाहेर पण टीव्ही होता. ब्रेक संपला तर माझी खुर्ची काढलेली.

टायवाला म्हणाला, "दुःख आहेच. पण एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही."

आणि सर म्हणाले, "ते मात्र बरोबर आहे. एका मृत्यूवरून हवामानाबद्दल काही सांगता येत नाही, त्यासाठी तीस वर्षांची..." मग त्यांचा वेळ संपला.

मी तिथे उभी राहून विचार करत होते. माझ्या एका हसण्यावरून सांगता येत होतं. आईंच्या मरण्यावरून नाही.

सर जाताना माझ्याजवळ आले. म्हणाले, "मला असं म्हणायचं नव्हतं." मी म्हटलं, मग काय म्हणायचं होतं? ते म्हणाले, सांगायला वेळ लागेल. मी म्हटलं, मला वेळ आहे. पण त्यांची गाडी आली होती.

रात्रीच्या बातम्यांत माझं काही दाखवलं नाही. ती चाळीस सेकंदांची जुनी बातमी अजून लावतात. कारंजं, आइस्क्रीम, मी.

चिमीची आई


३ जुलै

वन्सं,

मला कामावरून काढलं. मुकादम म्हणाला, "मी काय करू, वरून आलंय. तू पण ना, घरचं घरात ठेवायचं की नाही." दारावरचा फोटो पण काढला. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिलेत.

हे कळल्यावर ह्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि खाट आडवी केली आणि तिच्यावर झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर गेले नाहीत. चिमीला पोटावर घेऊन पडून होते.

त्यांना मी सगळं सांगितलं असं लिहिलं. सगळं नाही. दोन गोष्टी राहिल्या. त्या आधी तुम्हाला सांगायच्या, कारण विचारलं तुम्ही होतंत.

एक. डॉक्टरांनी हॉस्पिटलात विचारलं होतं, यांना आधी हार्टचा त्रास होता का? मुकादम शेजारी उभा होता, तो म्हणाला, हो, होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. आईंना कसला त्रास नव्हता. त्या जिना माझ्या आधी चढायच्या. मी का मान हलवली? मला वाटलं पोलीस येतील आणि चादरी कोणी लावल्या विचारतील आणि मला नेतील, आणि चिमी अजून अंगावर पिते. तेवढा एकच विचार होता डोक्यात.

दुसरी. आई बोलल्या होत्या.

शूटिंग चालू होतं. चौथ्यांदा चादर लावत होते मी. आई रोलरवरून म्हणाल्या, "अगं, एक खिडकी उघड गं. जीव घाबरतोय." मोठ्याने नाही. मशीन चालू होतं तरी मला ऐकू आलं. माइकवालीला नाही आलं, ती कॅमेऱ्यात बघत होती. मी म्हटलं, "आई, थांबा जरा, झालंच." हसतच म्हटलं, कारण हसायला सांगितलं होतं. तुम्ही टीव्हीवर बघता ना, मी एकदा मागे वळून काहीतरी बोलते आणि परत पुढे बघून हसते, आवाज नाही, गाणं आहे वरती. तेच ते.

आई म्हणाल्या, "बरं बाई, तू हिरॉइन."

हे शेवटचं. मग ते लोक गेले आणि मी चिमीला पाजायला बसले आणि विसरले. खरंच विसरले, वन्सं. नंतर एक तास आईंनी परत मागितलं नाही. का नाही मागितलं मला माहीत नाही.

तुम्ही पत्र फाडलंत तरी चालेल. कुणाला दाखवलंत तरी चालेल. कागदाच्या मागे माझं पूर्ण नाव लिहून सही केलीय, तारखेसकट. हार्ट नव्हतं हे लिहून द्यायला कुठे बोलावलं तर मी येईन. चिमीला तेव्हा कोणाकडे ठेवायचं ते तेवढं बघावं लागेल.

चिमीची आई


१६ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र आलं. ह्यांच्या हातात पडलं, त्यांनी न फोडता मला दिलं. मी ते घेऊन मोरीत गेले आणि उभ्यानेच वाचलं. मला वाटलं होतं लांब असेल. दोनच शब्द आहेत. कुठली खिडकी.

रोलरकडून तिसरी. पहिल्या दोन चिकटलेल्या आहेत, रंग मारला तेव्हापासून उघडतच नाहीत. आईंनी हात कुठे केला ते मी बघितलं होतं, तिसरीच. कडी घट्ट आहे, नुसती ओढून निघत नाही, तळहाताने खालून ठोकावी लागते. चादर एका खिळ्यावर होती.

परवा चिमीचं क्रेटमधलं अंथरूण आणायला गेले होते. जेवायची सुट्टी होती, मुकादम नव्हता. मी तिसऱ्या खिडकीशी गेले आणि उघडून बघितली. चादर बाजूला करायची, कडी ठोकायची, ढकलायची. उशीची एक खोळ घडी घालायला जितका वेळ लागतो, तितका लागतो.

वारा सरळ रोलरपाशी जातो. आईंच्या जागी आता नवीन बाई आहे, कोण ते मला माहीत नाही, तिलाही मी कोण ते माहीत नव्हतं. डबा मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. मी खिडकी परत लावायला गेले.

ती म्हणाली, "राहू दे गं उघडी."

चिमीची आई